टाचणीताईंनी सायकल अल्टर करायला घेतली

टाचणीताईंच्या कॉलरला कायम सात-आठ टाचण्या खोचलेल्या असायच्या. कुणी प्रेमाने मिठी मारायला पुढे आलं, की त्या दोन्ही हात वर करून ओरडायच्या, "थांबा, थांबा! आधी हत्यारं काढू द्या!" नाव पडलं ते त्यावरून. उंचीवरून पडलं असंही काहीजण म्हणायचे. पाच फुटाला दोन सुतं कमी. ही दोन सुतं कमी आहेत हे त्या स्वतःच सांगायच्या, कारण मापात खोटं बोलणं त्यांना जमत नसे, स्वतःच्या बाबतीतसुद्धा.

लाँड्री आणि किल्ल्या बनवणारा यांच्या मधे, सापटीत बसवल्यासारखी त्यांची खोली होती. एक मशीन, एक इस्त्रीचं टेबल, पडदा लावलेला एक कोपरा आणि भिंतभर हँगर. नवे कपडे त्या शिवत नसत. नवं शिवणारे त्या रस्त्याला तिघे होते. टाचणीताई दुसऱ्यांनी शिवलेलं माणसाला बसवून द्यायच्या. फक्त अल्टरेशन. आणि त्या कामाचा त्यांचा एकच नियम होता, तो त्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायच्या.

"ताई, ही पँट जरा सैल करून द्या ना."

"कशातून करू? आत कापडच ठेवलेलं नाही मेल्यानं. पुढच्या वेळी एक साइझ मोठी आणा. मोठी असली तर मी आहे. लहान असली तर डॉक्टर आहेत."

घरातही हाच कायदा. लेकीचा शाळेचा गणवेश दरवर्षी दोन साइझ मोठा यायचा आणि ताईंच्या मशीनखालून तिच्या मापाचा होऊन बाहेर पडायचा. नवऱ्याचा एकुलता एक कोट मुळात कुण्या पहिलवानासाठी शिवलेला होता. नवरा चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांचे नंबर तपासायचा आणि काचा घासून फ्रेममध्ये बसवायचा. तो मिलिमीटरवाला, ताई इंचवाल्या; संसार मधे कुठेतरी अडीच सेंटिमीटरवर जुळला होता आणि तिथेच पंचवीस वर्षं सुखाने उभा होता.

कपडे पोचवायला ताई सायकलने जायच्या. पुढे टोपली, मागे कॅरिअर, बैलासारखी जड. त्या सायकलवर त्यांनी आख्खा परिसर पालथा घातला होता, त्यामुळे पाय असे तयार, की चढावर रिक्षावाले बाजूला बघायचे. पण आपल्याला सायकल चालवता येते म्हणजे काहीतरी विशेष येतं, असं त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं. ते मनात घातलं बँकेतल्या कॅशियरबाईंनी.

कॅशियरबाई एक काळी, घट्ट, अर्धी विजार घेऊन आल्या. "कंबरेत आत घ्यायचीय."

ताईंनी ती उलटी केली आणि डोळे विस्फारले. "हे काय? आत गादी?"

"सायकलिंगची आहे. लांबच्या राइडला लागते."

"मी वीस वर्षं सायकल चालवतेय. माझ्या बुडाला कुणी गादी दिली नाही."

कॅशियरबाई इतक्या हसल्या, की त्यांना टेबलाचा आधार घ्यावा लागला. "मग या की आमच्याबरोबर! महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही सहाजणी धरणापर्यंत जातो. सकाळी निघायचं, दुपारच्या आत घरी."

ताई गेल्या. टोपली काढून ठेवली, चाकात हवा भरली, आणि गेल्या. पहिल्या पुलापर्यंत ठीक चाललं. त्यानंतर त्यांना फक्त सहा पाठी दिसल्या, मग सहा ठिपके, मग काहीच नाही. पुढच्या वळणावर सहाजणी उभ्या.

"दमलात का? अजिबात घाई नाही हं!"

त्याच्या पुढच्या वळणावर पुन्हा. "आम्ही काय, आम्हाला पण पाणी प्यायचंच होतं!"

पाचव्या वळणावर एकीने घड्याळ बघितलं. अगदी लपवून, मनगट नुसतं खाजवल्यासारखं करून. पण टाचणीताईंच्या नजरेतून अर्धा सूत सुटत नाही, मनगट काय सुटणार? "मला इकडे एक ब्लाऊज पोचवायचाय," असं धडधडीत खोटं बोलून त्या तिथूनच माघारी वळल्या. ज्या बाईने इतक्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला दिलेल्या वेळेवर पाच मिनिटं जास्त थांबवलं नव्हतं, तिच्यासाठी सहा जणी पाच वळणांवर थांबल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी विजार देताना त्यांनी कॅशियरबाईंना सांगितलं, "पुढच्या महिन्यात माझी सायकल वेगळी असेल. तुमच्यासारखी. कुणी थांबायचं नाही."

"अहो, थांबलो तर काय झालं?"

"मला चालत नाही. मागे राहिले तर परत येणार नाही, एवढं सांगून ठेवते."

पैसे होते, पण एकाच सायकलचे होते. सभागृहाचे चोवीस पडदे खालून आखूड करून दिले होते, त्याची रक्कम कापडाच्या कडा बांधायच्या नव्या ओव्हरलॉक मशीनसाठी बाजूला ठेवलेली. ती सायकलकडे वळवायची असं ताईंनी जेवताना जाहीर केलं.

"जुनं ओव्हरलॉक चालेल ना अजून?" नवऱ्याने विचारलं.

"खोकत खोकत चालेल."

"मग घे. पण एकदाच होणार हं हे."

"ते काय सांगायचं? चुकली तर दहा वर्षं सायकलचं नाव काढणार नाही."

"म्हणजे चुकायचं नाही," लेक म्हणाली आणि मोबाइल घेऊन कामाला लागली.

सायकलच्या दुकानात मायलेकी शनिवारी गेल्या. सेल्समन तरुण, उत्साही, त्याला थांबवणं कठीण. त्याने ताईंना नखशिखान्त एकदा बघितलं आणि थेट कोपऱ्यातली एक सायकल काढली. रंग पिवळट हिरवा. आजारी पोपटासारखा.

"मॅडम, तुमच्यासाठी हीच. गेल्या वर्षीचं मॉडेल आहे म्हणून किंमत उतरलीय. ॲल्युमिनियमची फ्रेम, मागे आठ गिअर. सुरुवातीला याच्यापेक्षा जास्त लागत नाही."

"हिला पॅडल कुठेयत?"

"रोड बाइकला पॅडल वेगळे घ्यायचे असतात."

"असं? म्हणजे पँट घ्यायची आणि पाय वेगळे आणायचे?"

सेल्समन हसला. लेकीने ताईंना कोपराने ढोसलं. पुढचं वाक्य मात्र त्याने टाळायला हवं होतं. "साइझ एक्स्ट्रा स्मॉल आहे मॅडम. चव्वेचाळीस. याच्याखाली लहान मुलांचीच."

टाचणीताईंचा चेहरा इस्त्री केल्यासारखा सपाट झाला. सायकलवर त्या बसून बघायलाही तयार होईनात. "विचार करून सांगते," म्हणाल्या, आणि बाहेर आल्यावर लेकीला म्हणाल्या, "सगळे पैसे देऊन काय घ्यायचं, तर उरलेल्या कापडाची सायकल! आणि तो रंग!"

त्याच संध्याकाळी दोघी औषधांच्या दुकानात बाम आणायला गेल्या, तर गल्ल्यावर चिठ्ठी. *रोड बाइक विकणे आहे. फक्त दोन महिने वापरलेली.* औषधवाला सहा फुटांचा, सडसडीत. त्याच्या पाठीत उसण भरली होती आणि डॉक्टरांनी वाकायचं नाही असं सांगितलं होतं. मागच्या गोदामात, खोक्यांच्या रांगेला टेकून ती उभी होती. काळीभोर. एका हाताने उचलली जाईल इतकी हलकी. मागे अकरा गिअर. नवी असताना पोपटाच्या अडीचपट किंमत, आणि आता बरोबर पोपटाएवढीच.

ताईंच्या डोक्यात कापडाच्या दुकानातला हिशोब लख्ख पेटला. त्याच पैशात दुप्पट माल.

लेकीने फ्रेमवरचा स्टिकर वाचला. "आई, छप्पन लिहिलंय. त्या सेल्समनने तुला चव्वेचाळीस सांगितलं होतं."

"मग? चव्वेचाळीस कंबरेच्या माणसाला छप्पनची पँट मी एका दुपारीत बसवून देते."

"बसून तरी बघ."

ताई भिंतीला हात लावून, खोक्यावर पाय देऊन वर चढल्या. हँडल लांब कुठेतरी समोरच्या रस्त्यावर असल्यासारखं. पाय पॅडलला लागत नव्हते. एक पाय हवेत आणि दुसराही हवेत.

"सीट खाली येते ना?" त्यांनी वरूनच विचारलं.

"येते की," औषधवाला म्हणाला. तो माणूस सरळ होता. "पण ताई, आधीच सांगतो. एकदा नेल्यावर परत घेणार नाही. औषधांचा नियम तोच सायकलचा."

"परत कशाला आणतेय? मोठी आहे ना? मग काळजी नाही. लहान असती तर अडचण होती."

सोमवारी सकाळी ती सायकल हातात धरून त्या कोपऱ्यावरच्या छर्रेकाकांकडे गेल्या. पत्र्याच्या छपराखाली बसून सायकली दुरुस्त करणारे हे काका सायकलचे छर्रे क्रीमच्या रिकाम्या बरण्यांमध्ये आकारानुसार लावून ठेवायचे, आणि बोलताना एखादी बरणी खुळखुळवायचे. आताही त्यांनी बरणी उचलली.

"वहिनी, ही कुणाची?"

"माझी."

"बरं. मग तुम्ही वाढताय कधी?"

"मी कशाला वाढू? हिला आत घ्या. चार बोटं उंचीत आणि तीनेक लांबीत."

छर्रेकाकांनी बरणी खाली ठेवली. "वहिनी, हे पोलकं नाही. उसवून शिवता येत नाही."

"सीट खाली येते की नाही?"

"येते."

"हँडल जवळ येतं की नाही?"

"हँडल धरणारा हा दांडा, स्टेम, तो आखूड लावला तर येतं. थोडंसं."

"मग? अल्टरेशन म्हणजे आणखी काय असतं? तुम्ही लावा हो. पँटीची लांबी कमी करताना मी पँटीला विचारत नाही."

छर्रेकाकांनी वाद घातला नाही. दोन तास खटपट केली. सीट इतकी खाली घातली, की सायकलने शेपूट पायात घातल्यासारखं दिसायला लागलं. सीट पुढे सरकवली, हँडलचा आखूड स्टेम लावला. संध्याकाळी नवरा दुकानातून परस्पर तिथेच आला आणि सायकल धरून उभा राहिला. सवयीने त्याच्या तोंडून तेच निघालं, जे दिवसभर निघायचं.

"हं, आता बघ. हे बरं? की आधीचं बरं?"

"पुन्हा एकदा आधीचं करा."

काकांनी सीट बोटभर मागे घेतली.

"हे एक नंबर... आणि हे दोन नंबर. कुठलं?"

"दोन्ही अंधुक," टाचणीताई म्हणाल्या.

पण त्या हरणाऱ्यातल्या नव्हत्या. रविवारला तेरा दिवस होते. रोज सकाळी खोली उघडायच्या आधी त्या ती काळी सायकल घेऊन निघायच्या. पॅडल खाली गेलं की कंबर त्या बाजूला खेचावी लागायची, वर आलं की दुसऱ्या बाजूला; मागून बघणाऱ्याला वाटावं, बाई सायकलवर बसून नाचतायत. दहा मिनिटांत हाताला मुंग्या यायच्या. मान अवघडायची. आणि थांबायचं कसं, हा प्रश्न सुटलाच नव्हता, कारण खाली उतरायचं तर दांडी आडवी यायची. त्यावर ताईंनी उपाय काढला: जिथे फुटपाथ उंच असेल तिथेच थांबायचं.

सहाव्या दिवशी सिग्नल लागला आणि फुटपाथ नव्हता.

त्या पडल्या नाहीत. पडायला वेग लागतो. त्या कलंडल्या. एखादं उंच कपाट कलंडावं तशा, सावकाश, पूर्ण शुद्धीत, बसच्या रांगेत उभ्या असलेल्या वीस-पंचवीस माणसांच्या डोळ्यांदेखत.

"मावशी, उतरायचं होतं तर सांगायचं तरी! धरलं असतं," रांगेतला एकजण म्हणाला आणि त्यांना उठवायला धावला. "टाचण्या आहेत, सांभाळा," ताई खालूनच म्हणाल्या.

रांग हसली, त्याही हसल्या. पण खोलीवर आल्यावर त्या पडद्यामागच्या कोपऱ्यात, गिऱ्हाइकांना कपडे घालून बघायला ठेवलेल्या स्टुलावर जाऊन बसल्या. कोपर सोललं होतं. रविवार आठवड्यावर आला होता, आणि या सायकलवर त्या धरण काय, दुसरा पूलही गाठणार नव्हत्या. पैसे गेले होते. पुन्हा सहाजणी वळणावर उभ्या राहणार, पुन्हा गोड बोलणार. त्यापेक्षा कॅशियरबाईंना फोन करून येत नाही म्हणून सांगावं, हे बरं.

संध्याकाळी नवऱ्याने कोपराला मलम लावलं. ते लावता लावता सहज विचारलं, "तुझं माप किती गं?"

"माझं?"

"हो. सगळ्या जगाची मापं वहीत आहेत तुझ्या. तुझं?"

टाचणीताईंनी वही काढून पानं चाळली. त्यांना ते माहीत नव्हतं. शिवणाऱ्याला स्वतःचं माप घेता येत नाही; टेप खाली न्यायला वाकलं, की मापच बदलतं. स्वतःचे कपडे त्या अंगावर घालून, आरशात बघून, टाचण्या मारून आत घ्यायच्या. आकडा कधी लिहिलाच नव्हता.

"ऊठ. सरळ उभी राहा. मी घेतो."

"तुम्ही? तुम्हाला टेप धरता येतो?"

"नाकावर अर्धा मिलिमीटर चुकलं तर माणसाला गरगरतं. शिकवतेस मला?"

मग सुरू झालं. लेक वही घेऊन बसली.

"पायांत अंतर ठेव. हलू नकोस."

"ढिला धरलाय टेप."

"ढिला नाही."

"अहो, गुदगुल्या होतात!"

"गिऱ्हाइकं हसतात का तुझी? हं. पायाची आतली लांबी सातशे पाच."

"इंचात बोला!"

"पावणेअठ्ठावीस. हात... फिर. पाठ... फिर."

लेकीने वही आईच्या पुढ्यात धरली. शेवटच्या पानावर, गिऱ्हाइकांच्या रांगेत, एक नवी नोंद. *आई. उंची, पाठ, हात, आतली लांबी.* टाचणीताईंनी ती ओळ वाचली तशी, जशी त्या रोज वाचायच्या. माणूस समोर नसताना नुसत्या आकड्यांवरून त्यांना माणूस उभा दिसायचा. आता दिसली एक छोटी, आखूड हातांची, नीट बांध्याची बाई.

"या बाईला छप्पन कुणी विकली?" त्या स्वतःशीच पुटपुटल्या.

नवऱ्याने टेप गुंडाळून ठेवला.

"खांदा," त्या म्हणाल्या. "कोटाचं सगळं मी आत घेते. बाही, छाती, कंबर, लांबी. खांदा घेत नाही. खांदा बसत नसेल तर कोट परत पाठवते मी, हो की नाही? शर्टसुद्धा पाठवलेत. आणि ही आख्खी सायकलच खांदा आहे. सीट म्हणजे बाही. हँडल म्हणजे कॉलर. मी बाही-कॉलर धरून बसले आणि खांदा बघितलाच नाही." मग थोड्या वेळाने, "एक्स्ट्रा स्मॉल म्हणाला म्हणून राग आला मला."

"मग आता?" लेकीने विचारलं. "औषधवाला तर घेणार नाही."

टाचणीताईंनी तिच्या हातातली वही ओढून घेतली. चेहऱ्यावर एकदम रंग आला. "अगं, कोट कुणाला बसत नाही असं नसतं. कुणाला तरी बसतोच. पहिल्या पानापासून वाच. आतली लांबी तेहतीस आणि वर. फक्त तेवढे."

वहीत कुणाची नावं नव्हती. ताईंच्या लक्षात नावं राहायची नाहीत, कपडे राहायचे.

"अग्निशमनवाले. चौतीस."

"वर्दीच्या पँटीत कापड असतं म्हणून वर्षात तीनदा कंबर सैल करून दिलीय. त्यांना सायकलची गरज आहे, पण ते चढणार नाहीत. पुढे."

"दातांचे डॉक्टर. तेहतीस."

"गाडी आहे. पँटीला बसून पडलेल्या सुरकुत्या सगळ्या मांडीत. पुढे."

"ग्रंथपाल. साडेतेहतीस."

"थांब." टाचणीताईंनी डोळे मिटले. "उजवा पाय. त्यांच्या प्रत्येक पँटीचा उजवा बॉटम काळा असतो. चेनचं ग्रीस. दर वेळी मी पेट्रोलने पुसते. डावा स्वच्छ. माणूस सायकल चालवतो! आणि पुढून गुडघ्यावर कापड घासलेलं असतं. गुडघे हँडलला लागतात त्याचे. सायकल लहान पडते त्याला."

नवरा भिंतीला टेकून बघतच राहिला. "पोलिसात का गेली नाहीस तू?"

"उंची कमी पडली," ताई म्हणाल्या आणि फोन उचलला.

ग्रंथपाल दुसऱ्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत आले. उंच, वाकलेले, आणि ग्रंथालयाच्या बाहेरही कुजबुजत बोलणारे.

"तुम्हाला कसं कळलं, मला सायकल बदलायचीय?" ते कुजबुजले.

"तुमच्या पँटीने सांगितलं," ताईही नकळत कुजबुजल्या.

छर्रेकाकांनी सीट होती तिथे वर नेली, जुना स्टेम परत लावला. ग्रंथपालांनी पाय टाकला, दोन्ही तळवे जमिनीला टेकले, हात पुढे केले आणि हँडल जिथे असायला हवं तिथेच होतं. जणू त्यांना समोर उभं करून कापली होती. ते रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन आले, तेव्हा पहिल्यांदाच ताईंनी त्यांचा खरा आवाज ऐकला. "अरे वा!"

"आधीच सांगते," ताई म्हणाल्या. "सिग्नलला मला घेऊन कलंडलीय. हँडलला गुंडाळलेल्या टेपला इथे खरचटलंय, बघून घ्या. दोन महिने औषधवाल्याने वापरली आणि एक आठवडा मी. माझा आठवडा वापर म्हणून धरू नका, ती कुस्ती होती."

"मग थोडं..." ग्रंथपाल पुन्हा कुजबुजले.

"दिले तेवढेच घेणार मी. पण पुढच्या चार पँटी फुकट. आणि चेनगार्ड नाहीये हिला, तेव्हा उजव्या पायाला क्लिप लावत जा. पेट्रोल महाग झालंय."

आजारी पोपट अजून कोपऱ्यातच होता. "परवा एका शाळेतल्या मुलीने बघितली होती, मॅडम," सेल्समन म्हणाला, "तिला रंग आवडला नाही."

"शाळेत आहे ना अजून? पुढे शिकेल," टाचणीताई म्हणाल्या. या वेळी त्या टेप घेऊन आल्या होत्या. दांडीची उंची जमिनीपासून मोजली. सीटपासून हँडलपर्यंत मोजली. नवऱ्याने घेतलेल्या मापाशी ताडून बघितली. सेल्समन काहीतरी सांगायला गेला, तर त्यांनी ओठांत टाचणी धरल्यासारखं "हं" केलं आणि तो गप्प झाला. मग सायकलवर पाय टाकून उभ्या राहिल्या. दोन्ही पाय जमिनीवर, दांडी आणि त्या यांच्यात दोन बोटं माया शिल्लक.

"पॅडल?" सेल्समनने विचारलं. "चांगली जोडी दाखवू?"

"पॅडल आहेत माझ्या मेकॅनिककडे." छर्रेकाकांनी बरण्यांच्या मागून एक जुनी पण घट्ट जोडी काढूनच ठेवली होती. ती लावताना ते एवढंच म्हणाले, "ही बघा. हिला मला हातच लावावा लागला नाही." मग सीट फक्त नखभर वर घेतली.

रविवारी सकाळी बँकेपाशी सहाजणी आणि सातव्या टाचणीताई. गादीची विजार त्यांनी एक साइझ मोठी आणून, शनिवारी दुपारी आत घेतली होती. काही सवयी मरत नाहीत.

"रंग झकास आहे हं," कॅशियरबाई म्हणाल्या.

"खोटं बोलू नका, तुम्ही बँकेत आहात."

निघाल्या. पहिला पूल गेला, दुसरा गेला. ताई मान खाली घालून, दात आवळून पॅडल मारत होत्या. पुढच्या चाकावरून नजर उचलून बघितलं, तर दोन्ही बाजूंना माणसं होती. आणि ती बोलत होती. मागच्या वेळी इतक्या लांबून त्यांना हे कळलंच नव्हतं, की या सहाजणी सायकल चालवत नाहीत, सहाजणी गप्पा मारतात आणि खाली सायकली चालू असतात.

"... तर आमच्या वरच्या भाडेकरूने ट्रम्पेट आणलं," कॅशियरबाई सांगत होत्या. "शिकतोय म्हणे. एकच सूर. म्हशीला कुणी चिमटा काढतंय असा. तीन दिवस आम्ही सहन केलं. चौथ्या दिवशी सासूबाई उठल्या. वय ब्याऐंशी. गुडघे बदललेले. हातात काठी घेतली आणि निघाल्या जिना चढायला."

"अगं बाई!"

"आम्ही मागे. आई, जाऊ नका, आई, आपण मालकांना सांगू. ऐकतात कुठे? वर जाऊन दार ठोठावलं. त्याने दार उघडलं, गळ्यात ते पितळी धूड..."

वळण आलं. ते पाचवं वळण होतं, की सहावं, टाचणीताईंनी मोजलं नाही. कुणीच थांबलं नाही. सातही सायकली एकामागे एक वळल्या आणि समोर धरणाचा चढ उभा राहिला. रांग ताणली गेली. कॅशियरबाई सीटवरून उठून पुढे सरकल्या आणि मान वळवून ओरडल्या, "पुढचं वर गेल्यावर सांगते! चढावर दम लागतो!"

"वर नको!" टाचणीताई मागून ओरडल्या. "दार उघडलं, मग?"

"वर सांगते हो!"

टाचणीताईंनी गिअर दोनदा खाली पाडला. सीटवरून उठल्या, हँडल घट्ट धरलं, आणि चारजणींना उजवीकडून ओलांडत, धापा टाकत, कॅशियरबाईंच्या बरोबरीला आल्या.

"हं," त्या म्हणाल्या. "सासूबाई दारात. गळ्यात ट्रम्पेट. पुढे?"